मजूर मुकादमाचे, मग अपघाताची भरपाई जिनिंग मालकाला द्यावी लागते का?

द्यावी लागते, भाऊ. तुम्ही लिहिलंय की हंगामात 25-30 मजूर मुकादम आणतो, चुकारा तोच करतो, मग कोणाचा हात पट्ट्यात गेला तर तुमचा काय संबंध. हिंगणघाटकडच्या जिनिंगांचे, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यांचे, हजेरीपट आणि कामगार खात्याचे कागद मी सांभाळतो. हा प्रश्न दर दिवाळीत येतोच.

काम तुमच्या आवारात, तुमच्याच धंद्याचं, म्हणून भरपाई तुमच्याकडून मागता येते. ती भरून मग मुकादमाकडून वसूल करायला तुम्ही मोकळे. मुकादमाकडे एक बुलेट अन् दोन मोबाइल, त्यातून काय वसूल होईल ते तुम्हीच बघा.

ईएसआयच्या, म्हणजे सरकारी कामगार विम्याच्या, भरवशावर राहू नका. नुसतं जिनिंग-प्रेसिंग करणारा कारखाना कायद्यात हंगामी धरतात आणि हंगामी कारखान्याला ईएसआय लागू नाही. वर्गणी वाचते, पण अपघाताचा भार सरळ तुमच्यावर. मजूर 30 वर्षांचा, मजुरी महिना 12,000 धरा. मृत्यू झाला तर मजुरीचे निम्मे 6,000, गुणिले कायद्यातल्या तक्त्यातला त्या वयाचा गुणांक 207.98, झाले 12,47,880 रुपये. महिन्याभरात भरले नाहीत तर व्याज, आणि उशिराला सबळ कारण नसेल तर रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड.

आपल्याकडे अशा वेळी चार जाणते बसतात, दोन लाखांत मिटवतात आणि स्टॅम्पपेपरवर मजुराच्या विधवेचा अंगठा घेतात. तो कागद चुलीत घाला. भरपाईचा हक्क सोडल्याचा करार कायद्याने रद्दबातल आहे. मृत्यूची भरपाई सक्षम अधिकाऱ्याकडेच जमा करावी लागते. घरच्यांच्या हाती परस्पर दिलेले पैसे त्यात धरत नाहीत, फार तर तीन महिन्यांच्या मजुरीइतकी उचल वजा होते.

म्हणून कापूस यायच्या आधी कामगार भरपाईची विमा पॉलिसी काढा आणि तीत ठेकेदाराचे मजूर स्पष्ट लिहून घ्या. एजंट स्वतःहून विचारत नाही. हजेरी मुकादमाच्या वहीवर सोडू नका, गेटवर तुमचं रजिस्टर ठेवा. त्यात नाव नसलं की विमा कंपनी हात वर करते. मुकादम मजुरी घेऊन पळाला तर तीही तुम्हालाच द्यावी लागेल. 20 च्या वर माणसं आहेत, तेव्हा पीएफचंही बघून घ्या. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या श्रम संहिता आल्या, पण मालकाची ही जबाबदारी सुटलेली नाही.

सोबत सरकीचं तेल काढत असाल तर ईएसआयबद्दल वर लिहिलेलं स्वतःला लावू नका, आधी सल्लागाराला कागद दाखवा.