गाडीच्या छताची पट्टी आणि तिच्याखालचा गंज

प्रश्न : माझ्याकडे 2005 सालची वॅगनआर असून ती भुसावळच्या उन्हात वर्षानुवर्षे उघड्यावरच उभी राहिली आहे. छताच्या दोन्ही बाजूंना पुढच्या काचेपासून डिकीपर्यंत जी काळी पट्टी जाते, ती मागच्या टोकाला उचलली आहे आणि पुढच्या काचेकडे बोटभर आखूड झाली आहे. मागील वर्षी आखाजीच्या सुमारास एका गॅरेजमध्ये ती सिलिकॉनने चिकटवून घेतली होती. तरीही पावसाळ्यात चालकाच्या पायाजवळ पाणी येऊ लागले आणि आता सिलिकॉनच्या कडेने तांबूस डाग दिसत आहेत. नवीन पट्टी घ्यावी, की जुनी काढून टाकून ती खाच सीलंटने कायमची भरून टाकावी?
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : पाणी अडवणे हे त्या पट्टीचे काम आहे, असा समज आपला आणि बहुधा त्या गॅरेजवाल्याचाही झालेला दिसतो. गाडीच्या छताचा पत्रा आणि बाजूचा पत्रा हे दोन वेगळे भाग असून ते एका उथळ खाचेत एकमेकांवर ठेवून स्पॉट वेल्डिंगने जोडलेले असतात. या जोडावर कारखान्यातच सीलरचा थर दिला जातो, त्यावर रंग चढतो, आणि सर्वांत शेवटी वेल्डिंगचे ठिपके दिसू नयेत व वाऱ्याचा आवाज कमी व्हावा म्हणून वरून पट्टी बसवतात. पावसाचे थोडे पाणी पट्टीखाली जाणारच, हे गृहीत धरलेले असते. ते खाचेतून वाहत जाऊन पुढच्या व मागच्या टोकाला बाहेर पडते. आपल्या गाडीत सिलिकॉनने नेमकी ही बाहेर पडायची वाट बंद झाली असावी, असा माझा अंदाज आहे. तसे झाले असेल, तर गेला संपूर्ण पावसाळा पाणी खाचेत साचून राहिले, सीलरला कुठे तरी बारीक भेग होती तिथून ते आत उतरले आणि उरलेल्याने पत्रा खाल्ला.

सिलिकॉनचा आणखी एक दोष सांगायला हवा. बाजारात सहज मिळणाऱ्या ज्या सिलिकॉनला लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, त्यातून सुकताना ॲसेटिक आम्ल बाहेर पडते आणि उघड्या पोलादावर ते गंजाला आमंत्रणच ठरते. शिवाय सिलिकॉनवर रंग धरत नाही आणि त्याचा पुसटसा थर राहिला तरी पुढचा सीलरही तिथे नीट चिकटत नाही. म्हणून आपल्या कामातला सर्वांत कंटाळवाणा भाग नवी पट्टी बसवण्याचा नसून जुने सिलिकॉन खरवडून काढण्याचा असेल, हे मजुरी ठरवतानाच कारागिराला स्पष्ट सांगा.

पट्टी आखूड का झाली, हेही समजून घेण्यासारखे आहे. आपल्याकडचा शेतकरी हे रोज पाहतो : शेतात उघड्यावर पडलेला पीव्हीसीचा पाइप दोन-तीन उन्हाळ्यांत पांढरट पडतो आणि ठोकर लागताच तडकतो. पट्टीच्या मऊ प्लास्टिकमध्ये तिला लवचिक ठेवणारा तेलकट घटक असतो. तो उन्हाने हळूहळू निघून जातो, तशी पट्टी कडक होते आणि आकसते. त्यात भर पडते ती तापमानाच्या चढउताराची. पहाटे 25 अंशांवर असलेले छत मे महिन्याच्या दुपारी 65 अंशांवर जाते, असे धरले तर दीड मीटर लांबीचा पोलादी पत्रा सुमारे पाऊण मिलिमीटर वाढतो. तेवढ्याच लांबीची, आत धातूची तार नसलेली प्लास्टिकची पट्टी मात्र चार मिलिमीटरच्या आसपास वाढू पाहते. दोघांची ही ओढाताण दररोज चालते, आणि म्हणूनच घट्ट वाळणारी इपॉक्सी पुट्टी किंवा झटपट चिकटणारा डिंक अशा जागी फार दिवस टिकत नाही.

आता कामाकडे वळू. पट्टी काढताना लोखंडी पेचकस खाचेत घालू नये, कारण त्याने रंग खरवडला की गंजाला नवी जागा मिळते. जुने प्लास्टिकचे कार्ड किंवा प्लास्टिकची बोथट पट्टी वापरावी, दोन्ही कडांच्या रंगावर मास्किंग टेप लावून घ्यावी आणि पट्टी कडक असेल तर केस वाळवायच्या यंत्राने तिला थोडी ऊब द्यावी. काही गाड्यांत पट्टी केवळ दाबून बसवलेली असते, तर काहींत खाचेतल्या छोट्या खुंट्यांवर प्लास्टिकच्या क्लिपा असतात. क्लिपा असतील तर पट्टी सरळ वर न ओढता क्लिपेच्या अगदी जवळून उचलावी. जुन्या क्लिपा बहुतेक वेळा तुटतात, त्यामुळे नव्या आधीच आणून ठेवाव्यात.

खाच उघडी पडल्यावर घाई करू नका. कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन ती स्वच्छ पुसा. रॉकेल वापरू नका, कारण ते तेलकट थर मागे सोडते. मग तांबूस डागांवर टोकदार दाभणाने जोर देऊन पाहा. टोक अडले तर गंज वरवरचा आहे असे समजावे. तारेच्या ब्रशने आणि 120 नंबरच्या पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासावे, कोपऱ्यांत उरलेल्या गंजावर तो काळा करणारे गंजरोधक रसायन लावावे, त्यावर इपॉक्सी प्रायमर, मग जोडावर रंग धरणारा सीम सीलर आणि शेवटी गाडीचा रंग, असा क्रम ठेवावा. हा क्रम बदलून थेट सीलर भरणारे कारागीर मी पाहिले आहेत. सीलरच्या खाली गंज चालूच राहतो आणि दोन पावसाळ्यांनंतर सीलरचा अख्खा पापुद्रा हातात येतो.

दाभण आरपार गेले, तर पत्रा सडला आहे आणि तिथे कोणतेही सीलंट उपयोगाचे नाही. सडलेला तुकडा कापून नवा पत्रा जोडावा लागेल. हे काम गॅस वेल्डिंगने न करता सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूच्या आवरणातल्या विजेच्या) वेल्डिंगने, थोडे थोडे थांबत करून घ्यावे, नाहीतर छताचा पातळ पत्रा उष्णतेने वाकतो. वेल्डिंगपूर्वी आतले छताचे अस्तर उतरवणे आवश्यक आहे, कारण त्याचा फोम आणि कापड ठिणगीने पेट घेऊ शकते. आपल्या गाडीचा यात संबंध नाही, परंतु ज्या वाचकांच्या गाडीत पडद्यासारख्या एअरबॅग छताच्या कडेला बसवलेल्या आहेत, त्यांनी हे काम अधिकृत कार्यशाळेतच करावे.

पट्टी नवीनच घ्या. आकसलेली पट्टी परत लांब होत नाही. खरेदी करताना चासी नंबर दाखवावा आणि डावी-उजवी वेगळी असते हे लक्षात ठेवावे. मीटरवर मिळणारी सर्वसाधारण बीडिंगही चालते, मात्र खाचेची रुंदी आणि खोली मोजून तिचा एक तुकडा आधी बसवून पाहावा. गुंडाळून आलेली पट्टी एक दिवस सरळ पसरून उन्हात ठेवावी म्हणजे तिचा पीळ जातो. बसवताना ती ओढू नका. लांबी पुरत नाही म्हणून ताणून बसवलेली पट्टी पहिल्याच उन्हाळ्यात पूर्वपदावर येते आणि टोक पुन्हा उघडे पडते. उलट ती हलकेच दाबत, किंचित सैल ठेवत बसवावी.

चिकटवण्याची गरज भासलीच, तर पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटचे ठिपके वीतभर अंतराने द्यावेत आणि दोन्ही टोकांच्या पाण्याच्या वाटा मोकळ्या ठेवाव्यात. पीयू हवेतल्या ओलाव्याने वाळते, त्यामुळे कोरड्या मे महिन्यात त्याला अधिक वेळ लागतो. दुहेरी ॲक्रिलिक टेप वापरणार असाल तर पत्रा साधारण 21 ते 38 अंशांच्या दरम्यान असताना ती लावावी आणि पूर्ण ताकद येण्यासाठी 72 तास द्यावेत. भुसावळात याचा अर्थ असा, की काम सकाळी लवकर, सावलीत करावे आणि नंतरचे तीन दिवस गाडी धुऊ नये. संपूर्ण खाच सीलंटने भरण्याचा आपला विचार मी नाकारतो : भविष्यात पुन्हा गळती झाली तर ती कुठे आहे हे शोधणे अशक्य होईल.

पट्टी बसवण्याआधी, खाच उघडी असतानाच एक परीक्षा घ्या. घरातील कोणाला तरी विजेरी घेऊन आत बसवा आणि बाहेरून तांब्याने हळूहळू पाणी ओता, प्रथम पुढच्या काचेच्या खालच्या भागात, नंतर काचेच्या कडेने वर, आणि सर्वांत शेवटी छताच्या खाचेत. खालून वर जाण्याचे कारण असे, की वरून ओतलेले पाणी सगळीकडून वाहते आणि दोष कोणाचा ते कळत नाही. चालकाच्या पायाजवळचे पाणी छतातून काचेशेजारच्या खांबाच्या पोकळीत उतरून येऊ शकते. परंतु ते काचेच्या रबरातून किंवा वायपरखालच्या तुंबलेल्या पन्हळीतूनही येते. छतावर अँटेना असेल तर तिच्या बुडाकडेही एकदा पाहा. छत कोरडे ठणठणीत निघाले आणि पाणी पन्हळीतूनच येत असेल, तर वाळलेली पाने काढण्यानेच काम भागेल. पट्टीची दुरुस्ती मात्र गंजासाठी तरीही करावीच लागेल.

प्रश्न : वडिलांची जुनी अॅम्बेसेडर नव्याने रंगवून घेतली. दरवाज्यांच्या वर जी पन्हळ आहे, तिच्यावरची चकचकीत पट्टी रंगाऱ्याने उतरवली होती. ती आता पूर्वीसारखी बसत नाही आणि दरवाजा उघडताच पाणी मांडीवर पडते.
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : आपल्या गाडीची रचना वरच्या प्रश्नातल्या गाडीपेक्षा वेगळी आहे. अॅम्बेसेडरला झाकलेली खाच नसून बाहेर आलेली खरीखुरी पन्हळ आहे आणि चकचकीत पट्टी तिच्या ओठावर केवळ अडकवलेली असते. रंगाऱ्याने पन्हळीत लांबी (रंगाआधी भरायची पुट्टी) भरून ती गुळगुळीत केली असण्याची शक्यता मला सर्वाधिक वाटते, कारण दिसायला ते छान दिसते. पन्हळ उथळ झाली की पाणी पुढे-मागे वाहण्याऐवजी मध्येच दरवाज्यावरून सांडते. ओठावर रंगाचे व लांबीचे थर जाड झाल्यामुळेच पट्टीही बसत नसावी. एका काडीने पन्हळीची खोली पुढे, मध्ये आणि मागे मोजा. मध्ये ती कमी भरली तर तेवढी लांबी काढून, प्रायमर व पातळ सीलर देऊन पुन्हा रंग द्यावा लागेल. ओठाची आतली बाजू हलकी घासून पट्टी एका टोकापासून अंगठ्याने दाबत, वीत वीत पुढे सरकत बसवावी. हातोडी वापरू नका. ही पट्टी पातळ असून एकदा मुरगळली की तिची चुणी जात नाही, आणि या गाडीचे उत्पादन 2014 मध्येच थांबले असल्याने जुनी पट्टी जपणेच शहाणपणाचे आहे.

प्रश्न : छताची काळी पट्टी पांढरट पडली आहे. कोणी पेट्रोलने पुसायला सांगतात, कोणी खोबरेल तेल लावायला. नवी पट्टी मिळेपर्यंत जुनी काढून टाकून गाडी चालवली तर चालेल का?
— एक वाचक, शहादा

उत्तर : पेट्रोल लावू नका, पट्टीत उरलासुरला मऊपणाही ते ओढून घेते. खोबरेलाने दोन दिवस काळेपणा येतो, पण आपल्याकडच्या धुळीत त्यावर मातीचा थर बसतो आणि तोच पुढे खाचेत जातो. पट्टी अजून लवचिक असेल तर प्लास्टिक व रबरासाठीचे पाण्यावर आधारित ड्रेसिंग महिन्यातून एकदा, कापडावर घेऊन लावावे. नख रोवून पाहिल्यावर ती तडकत असेल तर ड्रेसिंगवर पैसे घालवू नका. पट्टीशिवाय गाडी चालवण्यास हरकत नाही. वेगात थोडी शिट्टी वाजेल एवढेच. मात्र तोवर खाचेतली माती दर आठवड्याला मऊ ब्रशने काढत राहा आणि मृगाचा पाऊस सुरू होण्यापूर्वी पट्टी बसवून घ्या.