वाचनाची वही

प्रश्न : हिराचंद नेमचंद वाचनालयातून पुस्तकं आणते. वर्षअखेरीस काय वाचलं ते आठवत नाही, एकच पुस्तक दोनदा घरी येतं. नोंद कशी ठेवू? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : शंभर पानी वही पुरे. पुढून वाचलेलं, मागून वाचायचं. पुढे नाव, लेखक, संपवल्याची तारीख आणि दोनच ओळी. रकाने वाढवले की वही फेब्रुवारीतच बंद पडते. अर्धवट सोडलेलंही लिहा : ‘पान ६४, कंटाळा’. दोनदा येतं ते बहुधा हेच! मागच्या यादीत कुणी सुचवलं ते हवंच, नाहीतर सहा महिन्यांनी ते नाव तिथं का, हे कळत नाही. यादी २० वर थांबवा. एकविसावं लिहायचं तर एक खोडा. वाचनालयात जाताना दोन्ही पानांचे फोटो मोबाइलमध्ये असू द्या.