पॅकेट ट्रेसरमध्ये सर्व जोडणी बरोबर असूनही पहिला पिंग वाया का जातो?

आपण विचारले आहे की, पॅकेट ट्रेसर या सिस्को कंपनीच्या नेटवर्क-सरावाच्या सॉफ्टवेअरमध्ये एक राउटर, दोन स्विच आणि चार पीसी जोडून पत्ते नीट दिल्यावरही पलीकडच्या नेटवर्कमधील पीसीला केलेल्या पिंगला (संपर्क होतो का हे पाहण्यासाठी पाठवलेल्या चार पॅकेटांना) पहिल्यांदा ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ असे उत्तर का येते, आणि नवशिक्याने अशा सॉफ्टवेअरवर शिकावे की थेट खऱ्या उपकरणांवर. उरलेल्या तीन पॅकेटांना उत्तर येत असेल, तर आपल्या मांडणीत काहीही चुकलेले नाही.

हेच मी एका प्रात्यक्षिक परीक्षेत सांगितले होते आणि परीक्षकांनी ते धुडकावून लावले होते. चारपैकी एक पॅकेट हरवले, म्हणजे जोडणी सदोष, असा त्यांचा निवाडा होता. मी सिम्युलेशन मोड सुरू करून एकेक टप्पा पुढे नेला. पीसीने आधी गेटवेचा, म्हणजे राउटरचा, मॅक पत्ता (उपकरणाचा हार्डवेअर पत्ता) एआरपीने (आयपी पत्त्यावरून मॅक पत्ता विचारण्याच्या पद्धतीने) विचारून घेतला आणि मग पिंगचे पॅकेट राउटरकडे पाठवले. पलीकडचे नेटवर्क राउटरला थेट जोडलेले असल्यामुळे मार्ग त्याला ठाऊक होता. परंतु त्या पीसीचा मॅक पत्ता त्याच्या एआरपी तक्त्यात नव्हता, म्हणून त्याने हातातले पॅकेट टाकून दिले आणि तो पत्ता विचारणारी हाळी त्या नेटवर्कमध्ये दिली. उत्तर मिळाल्यावर पुढची तिन्ही पॅकेटे सुखरूप पोहोचली आणि लगेच पुन्हा केलेल्या पिंगमध्ये चारही पोहोचली. पडद्यावर हे सारे दिसत असताना परीक्षक म्हणाले की, हा खेळण्यातल्या सॉफ्टवेअरचा दोष आहे, खऱ्या राउटरवर असे घडत नसते. गुण अर्थातच कापले गेले.

पुढे नोकरीत सिस्कोच्या खऱ्या राउटरच्या कन्सोलवरून नव्याने जोडलेल्या यंत्राला पिंग केला, तेव्हा पाच पॅकेटांपैकी पहिल्याच्या जागी टिंब (उत्तर नाही), नंतर चार उद्गारचिन्हे (उत्तर मिळाले) आणि 80 टक्के यश असा निकाल आला. कारण तेच होते, एआरपी. खऱ्या उपकरणावर हे पॅकेट कुठे पडले ते डोळ्यांना दिसत नाही, पॅकेट ट्रेसरमध्ये दिसते; म्हणून नवशिक्याने सुरुवात तिथूनच करावी असे माझे ठाम मत आहे. दुसऱ्याची तयार फाइल उघडून हिरवे दिवे पाहण्याला मात्र मी शिकणे म्हणणार नाही.

राउटरचे इंटरफेस (केबल जोडायची तोंडे) मुळात बंद असतात, त्यामुळे पत्ता दिल्यावर प्रत्येकावर ‘नो शटडाउन’ ही कमांड द्यावीच लागते. स्विचचे दिवे सुरुवातीला सुमारे 30 सेकंद नारिंगी राहतात. स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल (स्विचच्या जोडण्यांमध्ये चक्र होऊ न देणारी पद्धत) ऐकण्याच्या आणि शिकण्याच्या अवस्थांत प्रत्येकी 15 सेकंद घालवतो, तेवढा वेळ केबल बदलत बसू नये.

पॅकेट ट्रेसरमध्ये राउटरच्या सगळ्या कमांड नाहीत आणि केबलला कनेक्टर बसवण्याचा हात त्यातून तयार होत नाही, हेही खरे. आणि दुसऱ्या पिंगमध्येही चारही पॅकेटे हरवत असतील, तर वरील स्पष्टीकरण आपल्याला लागू नाही. मग पीसीवरील डीफॉल्ट गेटवे आधी तपासावा, सबनेट मास्क (पत्त्याचा कोणता भाग नेटवर्कचा हे सांगणारा आकडा) त्यानंतर, आणि हे दोन्ही पलीकडच्या पीसीवरही पाहावे, कारण उत्तराला परत येण्यासाठी तिकडचा गेटवे लागतो.