मुलगी जेवत नाही : हट्ट की आजार?

प्रश्न : माझी मुलगी १४ वर्षांची आहे. गेले काही महिने ती ताटातील अन्नाचे बारीक तुकडे करून चिवडत बसते, ‘मैत्रिणीकडे खाऊन आले’ असे सांगून जेवण टाळते आणि उकाड्यातही जाड, सैल कपडे घालते. तीन महिने तिची पाळी आलेली नाही. ‘वयाचा हट्ट आहे, भूक लागली की खाईल,’ असे घरातील वडीलधारी म्हणतात. मी रागवावे की दुर्लक्ष करावे? – एक आई

उत्तर : यांपैकी काहीही न करता, याच आठवड्यात तिला बालरोगतज्ज्ञांकडे न्यावे, असे मी आपल्याला आग्रहाने सांगते. पत्रावरून निदान होत नाही, आणि थायरॉइड किंवा आतड्यांच्या विकारांसारखी अन्य कारणेही तपासावी लागतील. तरीही आपण लिहिलेल्या खुणा ‘अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा’ (वजन वाढण्याच्या तीव्र भीतीपोटी खाणे टाळण्याचा मानसिक विकार) या गंभीर आजाराची शंका यावी अशा आहेत.

‘भूक लागली की खाईल’ हा भरवसा या आजारात फसवा ठरतो. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये ३६ निरोगी तरुण स्वेच्छेने सुमारे सहा महिने अर्धपोटी राहिले, तेव्हा त्यांच्यापैकी अनेक जण एकेका जेवणावर बराच वेळ रेंगाळू लागले, पाककृतींची पुस्तके वाचू लागले, चिडचिडे आणि एकलकोंडे झाले. मुलीचे ताटाशी चिवडत बसणे आपल्याला हट्ट वाटत असले, तरी त्यातील बराचसा भाग उपासमारीनेच घडवलेला असू शकतो, आणि म्हणून ‘आधी कारण शोधू, मग खाण्याचे पाहू’ असा क्रम लावू नये.

आपले काही चुकले का, या विचाराने स्वतःला दोष देऊ नका. लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात १९८० च्या दशकात विकसित झालेल्या उपचारपद्धतीत तर आईवडिलांनाच उपचाराचा आधार मानले जाते : काय आणि किती खायचे हे काही काळ तेच ठरवतात, जेवताना शेजारी बसतात आणि वजन, दिसणे, कॅलरी यांवर वाद न घालता शांतपणे, पण ठामपणे ताट संपवून घेतात. भावंडांवर मात्र पहाऱ्याचे काम सोपवू नये. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम भरपूर अन्न दिल्यास रक्तातील फॉस्फेट धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. त्यामुळे आहार कोणत्या गतीने वाढवायचा, हे डॉक्टरांनाच ठरवू द्यावे.

चक्कर, बेशुद्धी, छातीत धडधड, पाणीही नाकारणे, जीव नकोसा झाल्याची भाषा, किंवा जागेपणी शांत बसलेली असताना मिनिटाला ५० हून कमी नाडी, यांपैकी एकही गोष्ट आढळल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

तपासणीला जाताना तिच्या मागील वर्षांच्या उंची-वजनाच्या नोंदी सोबत न्याव्यात. आजचे वजन ‘ठीक’ दिसले, तरी ती स्वतःच्या वाढीच्या रेषेवरून किती खाली आली आहे, हे डॉक्टरांना त्यांवरूनच कळेल.