पुरस्काराचा निधी कुठे खर्च करावा, आणि यात करिअर आहे का?

प्रश्न: मी लोकप्रशासन विषयात एम.ए. करते आहे. सध्या एका सरकारी रोजगार कार्यालयात इंटर्नशिप चालू आहे. चांगल्या कामगिरीबद्दल कार्यालयाला पुरस्कार मिळालाय आणि ती रक्कम उमेदवारांची सेवा सुधारण्यासाठी वापरायची आहे. प्रस्तावाचा मसुदा साहेबांनी माझ्याकडे दिलाय. बहुतेकांना टचस्क्रीन हवा आहे. मी काय सुचवू? आणि या क्षेत्रात पुढे वाव आहे का?

उत्तर: पुरस्काराची रक्कम एकदाच येते, हे आधी लक्षात घे. टचस्क्रीन आला की देखभाल, दुरुस्ती, सॉफ्टवेअर असा दरवर्षीचा खर्च मागे लागतो. त्याची तरतूद नसेल तर यंत्र बंद पडतं आणि रांग तिथेच राहते. खुर्च्या, पंखे, पिण्याचं पाणी यांची मागणी नियमित अनुदानातून करावी, तो कार्यालयाचा हक्कच आहे. हा पैसा मात्र एकदा नीट केलं की टिकेल अशा कामाला लाव.

असं काम कोणतं, हे तुला खिडकीपाशी बसूनच कळेल. आठवडाभर फक्त ऐक, उमेदवार काय विचारतात ते टिपून ठेव. ‘माझ्या अर्जाचं पुढे काय झालं?’ हा प्रश्न सारखा येत असेल, तर निरोप जात नाहीत हे खरं दुखणं. अर्जही बारकाईने बघ. घरातल्या आजारी माणसाची अनेक वर्षं शुश्रूषा केलेली बाई अनुभवाच्या रकान्यात ‘निरंक’ लिहिते. तिला दोन प्रश्न जास्त विचारायला शिकलेला कर्मचारी असेल, तर तिच्यासाठी रुग्णसेवेच्या नोकऱ्यांचा विचार तरी सुरू होतो. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: मोठा वाटा खिडकीवरच्या कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाला आणि अर्ज, सूचना, पत्रं सोप्या भाषेत नव्याने लिहून घ्यायला द्यावा. थोडा भाग मालकांसाठीही ठेव. जागा कळवणारा मालक हाही या कार्यालयाचा ग्राहकच, आणि त्याला चुकीचे उमेदवार गेले की तो पुन्हा फिरकत नाही.

प्रस्तावात एक धोकाही लिही. अमेरिकेत २००२ च्या कायद्याने माजी सैनिकांच्या रोजगारसेवेसाठी राज्यांना मिळणाऱ्या अनुदानातला १ टक्का बक्षिसांसाठी राखला. कल्पना चांगली आहे, पण बक्षीस नुसत्या आकड्याला जोडलं तर सोपे उमेदवार आधी निवडले जातात आणि ज्यांना मदतीची सर्वाधिक गरज आहे ते मागे पडतात. जर्मनीत त्याच वर्षी सरकारी रोजगार संस्थेच्या लेखापरीक्षणात उघड झालं, की तपासलेल्या कार्यालयांतल्या ‘नोकरी लावून दिली’ अशा नोंदींपैकी बहुसंख्य चुकीच्या होत्या. संस्थेच्या प्रमुखांना पद सोडावं लागलं, पुढे सगळ्या यंत्रणेची फेररचना झाली. तेव्हा किती जणांना नोकरी लागली एवढंच मोजू नका. नोकरी सहा महिने टिकली का, पहिल्या भेटीनंतर उत्तर मिळायला किती दिवस लागले, वर्षभराहून जास्त काळ बेकार असलेल्या किती जणांना काम मिळालं, हेही मोजा. खर्च करायच्या आधीची स्थिती आजच नोंदवून ठेव, नाहीतर सुधारणा झाली हे दाखवणार कशावरून?

आता करिअरचं. सरकारी पदं मोजकी असतात आणि बहुधा स्पर्धा परीक्षेतूनच मिळतात, त्यामुळे फक्त त्यांच्यावर विसंबू नकोस. पण माणसाला कामाशी जोडून देण्याचं हेच कौशल्य कौशल्यविकास केंद्रांना, महाविद्यालयांच्या प्लेसमेंट विभागांना, भरती संस्थांना आणि अपंगांच्या पुनर्वसनाचं काम करणाऱ्या संस्थांनाही लागतं. लोकप्रशासनाच्या जोडीला समुपदेशनाचा एखादा चांगला अभ्यासक्रम कर आणि संख्याशास्त्राची प्राथमिक तयारी ठेव. मुलाखत घेता येणं आणि तक्ता वाचता येणं, दोन्ही जमणारी माणसं या क्षेत्रात फार कमी भेटतात.

आणि हा मसुदा म्हणजे तुझ्या कामाचा पहिला नमुना आहे. साहेबांची परवानगी घेऊन त्याची प्रत आणि आधी-नंतरचे तक्ते स्वतःजवळ ठेव, उमेदवारांची नावं मात्र त्यातून काढून टाक.