घरून ऑनलाइन साड्या विकते. बँकेत जमा होणाऱ्या पैशांवर आयकर भरावा लागतो का?

आयकर जमा रकमेवर नव्हे, तर नफ्यावर लागतो. परंतु परळच्या घरातून केलेली ही विक्रीसुद्धा व्यवसायच ठरत असल्याने तो नफा तुमच्या उत्पन्नात धरावा लागेल. गिरगावातील एका कर सल्लागाराच्या कार्यालयात मी लहान विक्रेत्यांची विवरणपत्रे तयार करतो आणि तिथे सर्वाधिक गोंधळ जमा रकमेवरूनच होताना दिसतो. समजा, ग्राहकाने साडीचे 1,000 रुपये दिले आणि कमिशन व कुरिअरचा खर्च कापून संकेतस्थळाने तुमच्या खात्यात 780 रुपये पाठवले, तर विक्री 1,000 रुपयेच दाखवावी आणि 220 रुपये खर्चात टाकावेत, कारण टीडीएस (पैसे देतानाच कापून घेतला जाणारा कर) कापला जातो तोही पूर्ण विक्रीवर, आणि 26एएसमध्ये (तुमच्या नावावर कापलेल्या कराचे आयकर विभागाचे विवरण) तीच रक्कम दिसते. वह्या ठेवणे जमत नसेल, तर बँकेमार्फत आलेल्या विक्रीच्या किमान 6 टक्के आणि रोख विक्रीच्या 8 टक्के नफा धरण्याची अनुमानित योजना आहे. मात्र त्यातून पुन्हा खर्च वजा करता येत नाही. 2025-26 या आर्थिक वर्षासाठी नव्या करप्रणालीत अशा व्यवसायाचे व इतर नेहमीचे मिळून 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य होतो, तरी उत्पन्न 4 लाखांपुढे गेल्यास विवरणपत्र भरावेच लागते.

जीएसटीचा नियम मात्र निराळा आहे: महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात 40 लाखांपर्यंतच्या विक्रीला नोंदणी लागत नाही (मार्केटप्लेसवर, म्हणजे अनेक विक्रेत्यांचा माल विकणाऱ्या संकेतस्थळावर, विकण्यासाठी नोंदणीऐवजी फक्त नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो), पण सुरतच्या एका ग्राहकाला पार्सल पाठवायचे असले, तरी हस्तकलेच्या काही वस्तू वगळता आधी नोंदणी करणे सक्तीचे आहे.