फिश टँकचा पंप आणि पोटापाण्याचा प्रश्न

प्रश्न : माझी मुलगी लातूरला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, शाखा ई अँड टीसी (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन). अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांनी फिश टँकच्या पंपापासून बाळांसाठी श्वासाचं यंत्र बनवलं, असं तिने वाचलं. तेव्हापासून हट्ट धरलाय की हे सोडून पहिल्या वर्षापासून बायोमेडिकल, म्हणजे वैद्यकीय उपकरणांचं इंजिनिअरिंग, करायचं. दोन वर्षांची फी पाण्यात जाईल. आणि गरिबांसाठी स्वस्तातली यंत्रं बनवून हिचं पोट कसं भरणार?
– एक आई

उत्तर : ताई, शाखा बदलू देऊ नका. पण तिचा हट्ट मोडूही नका. ती म्हणते ती गोष्ट खरी आहे, फक्त तिने अर्धीच वाचलेली दिसते.

ह्यूस्टनच्या राईस विद्यापीठातली ही मुलं. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची फुप्फुसं प्रत्येक उच्छ्वासाला मिटू पाहतात. ती उघडी राहावीत म्हणून नाकातून सतत हलक्या दाबाची हवा द्यायची आणि नळीचं दुसरं टोक पाण्यात बुडवायचं. नळी पाण्यात जितके सेंटिमीटर खोल, तितका दाब. याला बबल सीपॅप म्हणतात. तयार यंत्र हजारो डॉलरचं, म्हणून मुलांनी फिश टँकचे पंप वापरले. मलावीतल्या ब्लँटायरच्या सरकारी रुग्णालयात ते वापरून पाहिलं. 2014 साली निष्कर्ष आले : सीपॅपवरची 71 टक्के बाळं वाचली, नुसत्या ऑक्सिजनवरची 44 टक्के. अभ्यास लहान होता, शंभर बाळंही नव्हती. तरी फरक डोळ्यांत भरणारा.

आता उरलेली अर्धी. वर्गातला तो नमुना रुग्णालयात टिकेल असा व्हायला काही वर्षं गेली आणि पुढे एका कंपनीने तो नव्याने घडवला. त्याच मलावीत एका जिल्हा रुग्णालयात मोठ्या बाळांच्या गंभीर न्यूमोनियावर बबल सीपॅपची चाचणी झाली. तिथे डॉक्टर रोज फेरीला येत नसत. 2019 साली निष्कर्ष आले तेव्हा साध्या ऑक्सिजनपेक्षा सीपॅपवरचीच मुलं जास्त दगावली होती. यंत्र वेगळ्या बनावटीचं होतं, मुलंही वेगळी होती, पण मला तरी या चाचणीतून जास्त शिकायला मिळालं. यंत्र कोणाच्या हातात जाणार, रात्री दोन वाजता त्याच्याजवळ कोण असणार, हे सर्किटइतकंच महत्त्वाचं.

आपल्याकडचंच घ्या ना. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी बाळाचा न्यूमोनिया ओळखायला श्वास मोजण्याचं एक साधन केलं. एका मिनिटाची वाळूची घटिका आणि मण्यांच्या ओळी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत ओळीतला शेवटचा, लाल मणी सरकला, की धोका. अंक न येणाऱ्या बाईलाही जमावं म्हणून असं. यात इलेक्ट्रॉनिक्स शून्य! (तुमच्या लेकीला हे वाचून थोडा राग येईल. येऊ द्या.)

शाखेचं म्हणाल तर अशा यंत्रांत सेन्सर, सर्किट, पॉवर सप्लाय हेच असतं, आणि ते ती शिकतेच आहे. पुढे गेट ही प्रवेश परीक्षा देऊन बायोमेडिकलमध्ये एम.टेक. करता येतं. आयआयटी मुंबईत 2014 पासून ‘बेटिक’ नावाचं केंद्र आहे. तिथे डॉक्टर अडचण मांडतात आणि इंजिनिअर मुलं त्यावर उपकरण घडवतात. त्यांच्या कार्यशाळांवर लक्ष ठेवायला सांगा.

पोटाचं. स्वतःची कंपनी काढून लगेच कमाई होईल, असं मी सांगणार नाही. पण 2017 च्या नियमावलीने वैद्यकीय उपकरणांचे जोखमीनुसार अ ते ड असे चार वर्ग पाडले. त्यामुळे चाचण्या, गुणवत्ता, परवान्याची कागदपत्रं सांभाळणारी माणसं कंपन्यांना लागतात. मोठ्या रुग्णालयांना यंत्रं चालती ठेवणारे बायोमेडिकल इंजिनिअर लागतात. ही कामं दिसायला रुक्ष, पण पगाराची, आणि यंत्र कुठे मार खातं ते इथेच कळतं. प्लेसमेंटला तिने बसायचंच, यावर तडजोड नको.

आणि या दिवाळीच्या सुट्टीत, परवानगी काढून, जवळच्या सरकारी रुग्णालयात यंत्रं दुरुस्त करणाऱ्या माणसाबरोबर आठवडाभर फिरू द्या. कुठली यंत्रं बंद पडून आहेत आणि कशामुळे, एवढंच वहीत लिहायचं. ती वही घेऊन तिने स्वतः मला पत्र लिहावं. शाखेचं पुन्हा बोलायचं असेल तर तेव्हा बोलू.